घोळ जिथे बोलते तिथे खांब ठोकण्याआधी

प्रति,
अध्यक्ष व संचालक, वाढवण पोर्ट प्रोजेक्ट लिमिटेड
मुख्य कार्यकारी अधिकारी, महाराष्ट्र सागरी मंडळ
आयुक्त, मत्स्यव्यवसाय विभाग, महाराष्ट्र राज्य

विषय: डहाणू-पालघरच्या समुद्रात पाण्याखालच्या आवाजाची नोंद, त्याची मर्यादा आणि कामाच्या वेळा ठरवून जाहीर करण्याबाबत.

महोदय,

वाढवणचे बंदर व्हावे की होऊ नये, या वादात हे पत्र पडत नाही. त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोलावेच. आमची मागणी एका गोष्टीपुरती आहे. या बंदरासाठी समुद्रात 1,448 हेक्टर भराव होणार, 10.14 किलोमीटरची लाटरोधक भिंत उभी राहणार, एकेक हजार मीटरचे नऊ कंटेनर धक्के बांधले जाणार. म्हणजे कित्येक वर्षे ड्रेजर चालणार, दगड टाकला जाणार, खांब उतरणार आणि त्यानंतर जहाजांची ये-जा कायमची सुरू होणार. या सगळ्याचा आवाज पाण्यात किती होईल, तो कुठवर पोहोचेल आणि तिथल्या माशांच्या आवाजाचे काय होईल, हे मोजल्याशिवाय काम पुढे जाऊ नये. अशी मोजणी आधीच झाली असेल तर तिचे आकडे आणि मूळ ध्वनिमुद्रण लोकांपुढे ठेवा. झाली नसेल तर ती कशी करायची, हे पुढे लिहिले आहे.

या पट्ट्यात ढोमा, दोडी, कोथ, घोळ हे सगळे एकाच कुळातले मासे आहेत आणि हे कूळ माशांमधले सर्वांत बोलके. शिंगाळा आणि करकरा हेही आवाज करतात. घोळीच्या ज्या बोताला परदेशी बाजारात सोन्याचा भाव मिळतो, तीच हवेची पिशवी तिच्या जातभाईंमध्ये आवाजाचे साधन आहे. पिशवीच्या दोन्ही बाजूंना खास स्नायू असतात. ते एका झटक्यात आकसतात आणि ताणलेली पिशवी ढोलकीच्या पुडीसारखी थरथरते. एक झटका म्हणजे एक ठोका. असे ठोके मालिकेने पडले की एक हाक पूर्ण होते. विणीच्या हंगामात हे स्नायू जाड होतात, आवाज मोठा होतो आणि सूर्य मावळताना शेकडो मासे एकदम सुरू झाले की वेगळे ठोके ऐकू येईनासे होतात, सलग गुरगुर उरते; यालाच पुढे कोलाहल म्हटले आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1,500 मीटर, म्हणजे हवेतल्यापेक्षा साडेचार पट वेगाने जातो. गढूळ पाण्यात, जिथे हातभर अंतरावरचे दिसत नाही, तिथे नर-मादीला एकमेकांचा ठाव लागायला याहून भरवशाचा मार्ग नाही. आणि पालघरचे पाणी बारमाही गढूळ असते.

या कुळातल्या माशांच्या हाका साधारण 100 ते 1,000 हर्ट्झमध्ये बसतात. जहाजाच्या पंख्याचा आणि इंजिनाचा, ड्रेजरच्या पंपाचा आवाजही सर्वांत जास्त याच पट्टीत असतो. दोघांची पट्टी एक, ही सगळी अडचण. पाण्यात आवाज मोकळा चहूकडे पसरतो असे धरले, तर पार्श्वभूमीचा गोंगाट 10 डेसिबलने वाढल्यावर माशाची हाक ऐकू येण्याचे अंतर तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि क्षेत्र दहाव्या हिश्श्यावर. उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यामध्ये कोंडून पुढे जातो. तिथे हाक मुळात लांब पोहोचते, पण गोंगाट वाढला की घट आणखी मोठी होते: तेवढ्याच 10 डेसिबलला अंतर साडेचार पटीहून अधिक आक्रसते. मासा मरत नाही, जाळ्यात दिसतो, बाजारातही येतो, पण त्याला जोडीदार मिळत नाही. म्हणूनच फक्त मेलेले मासे मोजणाऱ्या पाहणीत हे नुकसान कधीच सापडणार नाही.

इटलीत त्रिएस्तेजवळच्या मिरामारे सागरी राखीव क्षेत्रात याच कुळातल्या माशांवर बोटी जाताना काय होते ते तपासले गेले. बोटी पुन्हा पुन्हा गेल्या तसे मासे जास्त वेळा ओरडू लागले. हा माशांचा विजय समजू नये. प्रत्येक हाकेला ताकद लागते आणि जास्त ओरडणारा मासा शिकाऱ्यालाही लवकर सापडतो. न्यूझीलंडच्या हौराकी आखातात 2020 च्या टाळेबंदीत छोट्या बोटी थांबल्या, तेव्हा तिथल्या मासे आणि डॉल्फिन यांच्या संवादाचे अंतर 65 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे नोंदींवरून दिसले. गोंगाट थांबला की हाक बुडण्याचा हा परिणाम लगेच थांबतो. तेलगळतीसारखे हे प्रदूषण वर्षानुवर्षे मागे राहत नाही, त्यामुळे कामाच्या वेळा बदलण्यासारख्या साध्या उपायालाही इथे खरी किंमत आहे.

मोठ्या आवाजापुढे हे कूळ किती हळवे आहे, हे चीनने फार महागात शिकून घेतले. 1950 च्या दशकात तिथल्या आग्नेय किनाऱ्यावर पिवळ्या ढोम्याच्या थव्याभोवती होड्यांचा वेढा घालून एकाच वेळी लाकडी फळ्या बडवायचे. त्या आवाजाने लहानमोठे सगळे मासे बधिर होऊन वर यायचे. पुढे या पद्धतीवर बंदी आली, पण तोवर पिल्लांसकट थवेच्या थवे उचलले गेले होते. बेसुमार मासेमारीची त्यात भर पडली आणि एके काळी चीनच्या सर्वांत मोठ्या उत्पन्नाच्या समुद्री माशांपैकी एक असलेला हा मासा आज जागतिक यादीत अतिसंकटग्रस्त आहे. फळ्या बडवून हे होत असेल, तर पोलादी खांबावर बसणाऱ्या हातोड्याबद्दल निष्काळजी राहता येणार नाही.

आता मोजणीबद्दल. सल्लागार कंपन्यांकडून येणाऱ्या अहवालांत नेमक्या इथेच चुका होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली चूक डेसिबलची. पाण्यातल्या डेसिबलचे मूळ माप 1 मायक्रोपास्कल आहे, हवेतल्याचे 20 मायक्रोपास्कल. शिवाय पाणी हवेपेक्षा कितीतरी घट्ट. दोन्हींत सुमारे 62 डेसिबलचा फरक पडतो. ध्वनिप्रदूषण नियम, 2000 मधले शांतता क्षेत्राचे 50 डेसिबल वगैरे आकडे हवेसाठी आहेत. त्यांचा हवाला देऊन समुद्राबद्दल काहीही म्हणता येत नाही. पाण्याखालच्या आवाजाला त्या नियमांत जागाच नाही, म्हणून मर्यादा प्रकल्पाच्या अटींत लिहावी लागेल.

दुसरी चूक पट्टीची. युरोपात जहाजांच्या आवाजासाठी 63 आणि 125 हर्ट्झचे दोन पट्टे मोजण्याची पद्धत रुळली आहे आणि ती तशीच उचलली जाते. पण 10 मीटर खोल पाण्यात, तळ वाळूचा असला तर, सुमारे 80 हर्ट्झच्या खालचा आवाज दूर जातच नाही. तळ चिखलाचा असेल तर ही सीमा आणखी वर सरकते. म्हणजे इथे 63 हर्ट्झचा आकडा कायम छान दिसणार आणि त्याचा माशांशी काहीही संबंध नसणार. 125 च्या जोडीला 250, 500 आणि 1,000 हर्ट्झचे पट्टे मोजलेच पाहिजेत. एका सरासरीवरही भागवू नका. निम्मा वेळ, दहा टक्के वेळ आणि नव्वद टक्के वेळ आवाज कोणत्या पातळीच्या वर होता, हे तिन्ही आकडे द्या. माशाला ऐकू येण्याजोगी शांतता किती वेळ उरली, ते त्यातूनच कळते.

उपकरण फार महाग लागत नाही. अंशांकन केलेला (प्रमाणित मापाशी ताडून घेतलेला) हायड्रोफोन, म्हणजे पाण्याखालचा मायक्रोफोन, आणि तळावर ठेवायचा रेकॉर्डर पुरे. नमुनादर 48 किलोहर्ट्झ, 16 बिट. सलग नोंदले तर दिवसाला सुमारे 8.3 जीबी होतात. दर 15 मिनिटांतली 5 मिनिटे नोंदली तर 2.8 जीबीच्या आत भागते आणि संध्याकाळचा कोलाहल हातचा जात नाही. तासातून एकदाच पाच मिनिटे नोंदण्याचा मोह टाळा. खांब ठोकण्याचे काम तुकड्यातुकड्यांनी चालते, ते नेमके मधल्या वेळेत निसटते. प्रत्येक वेळी पाण्यात टाकण्याआधी आणि काढल्यावर 250 हर्ट्झच्या पिस्टनफोनने, म्हणजे ठरावीक पातळीचा आवाज देणाऱ्या उपकरणाने, तपासणी करावी, घड्याळ जीपीएसशी जुळवावे. घड्याळ महिन्यात काही सेकंद सरकते आणि मग ठोक्यांची वेळ कंत्राटदाराच्या नोंदवहीशी जुळत नाही.

या किनाऱ्यावर सर्वांत जास्त नोंदी वाया जातात त्या प्रवाहामुळे. भरती-ओहोटीचा ओढ दोराला लागला की दोर तारेसारखा घुमतो आणि रेकॉर्डरमध्ये नुसता तोच आवाज भरतो. म्हणून वर बोया ठेवून ताणलेला दोर नको. रुंद पायांची जड चौकट तळावर, हायड्रोफोन तळापासून साधारण मीटरभर उंच, त्यावर प्रवाह अडवणारे सच्छिद्र आवरण, सगळे सांधे रबराने आवळलेले. साखळी अजिबात नको, ती किणकिणते. पाय अरुंद असले तर पालघरच्या चिखलात चौकट काही आठवड्यांत रुतून बसते. हायड्रोफोनच्या तोंडावर शंखशिंपले बसू लागले की संवेदनशीलता घटते, म्हणून उघडिपीच्या महिन्यांत दर महिन्याला साफसफाई हवी. आणि जागा ठरवताना डोलीच्या जाळ्यांची ठिकाणे सोडा. मच्छीमार सहकारी संस्थांना विचारल्याशिवाय टाकलेले यंत्र जाळ्यात येते, मग जाळेही फाटते आणि यंत्रही जाते.

किमान चार जागा लागतील: भरावाच्या हद्दीलगत, लाटरोधक भिंतीच्या बाहेर खोल पाण्यात, सातपाटी-मुरबे समोर आणि तुलनेसाठी दूर दक्षिणेला अर्नाळ्यासमोर, जी वाढवणपासून सुमारे 50 किलोमीटर पडते. ही शेवटची जागा खर्च वाचवायला हमखास गाळली जाते. ती गाळली तर बाकीच्या तिन्हींना अर्थ उरत नाही, कारण समुद्र स्वतःही बदलतो आहे.

अरबी समुद्राचे पाणी तापते आहे. माशाचे रक्त थंड. पाणी गरम झाले की आवाजाचा स्नायू लवकर आकसतो, ठोके जवळजवळ पडतात आणि हाकेची पट्टी चढते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या वीकफिश या ढोम्याच्या भाऊबंदावर हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. विणीचा काळ पाण्याच्या तापमानावर अवलंबून असल्याने तोही मागेपुढे होऊ शकतो. उद्या पालघरमध्ये कोलाहल दोन आठवडे लवकर सुरू झाला किंवा त्याची पट्टी बदलली, तर कोणी बंदराला दोष देईल आणि कोणी सगळे खापर हवामानावर फोडेल. दोघांनाही उत्तर देता यायचे असेल तर प्रत्येक रेकॉर्डरसोबत तापमान आणि क्षारतेची नोंद हवी आणि दूरची जागा हवी. पाण्याची आम्लता वाढल्यामुळे खालच्या पट्टीतला आवाज कमी शोषला जातो, हेही हल्ली आवर्जून सांगितले जाते. ते खरे आहे, पण आपल्या काही किलोमीटरांच्या अंतरात त्याचा परिणाम मोजण्याइतका नसतो. अहवालाची पाने त्यावर खर्च करू नयेत.

काम चालू असताना काय करायचे, याचाही विचार आत्ताच व्हायला हवा.

आपल्याकडे धक्क्यांचे खांब बहुतेक जागेवर ओततात. आधी पोलादी लायनर (नळकांडे) व्हायब्रो हॅमरने, म्हणजे ठोके न मारता कंपनाने, उतरवतात, मग आतला गाळ-खडक काढून काँक्रीट भरतात. थेट हातोड्याने ठोकण्यापेक्षा ही पद्धत बरीच शांत आहे आणि तीच सक्तीची करावी. लायनर खडकाला टेकला की मुकादम हातोडा मागवतो. ती परवानगी साइटवर नाही, वरून आणि लेखी मिळावी. पाण्याखाली सुरुंग लावावे लागले तर मोठा एकच बार नको, छोटे बार वेळेचे अंतर राखून. स्फोटाच्या दाबाने हवेची पिशवी फाटते आणि असा मासा बऱ्याचदा तळाला जातो, वर तरंगत नाही. कोणी मोजत नाही.

मर्यादेचे आकडे जगात उपलब्ध आहेत. खांब ठोकण्याच्या आवाजासाठी 2014 च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाच्या मार्गदर्शनात पिशवी असलेल्या माशांना 207 डेसिबल शिखरपातळीच्या वर जीवघेणी इजा, तर पिशवी नसलेल्यांना 213 च्या वर, असे धरले आहे. बोंबलाला पिशवी नसते, घोळीला असते. म्हणून बोंबलाची आवक टिकली यावरून सगळे ठीक आहे असा निष्कर्ष काढू नये. ऐकू येणे तात्पुरते कमी होण्याची पातळी मात्र फार खाली आहे: दिवसभराची एकत्रित ध्वनिमात्रा 186 डेसिबल. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर 2008 पासून 206 शिखर आणि 187 एकत्रित, तर दोन ग्रॅमहून लहान माशांसाठी 183 वापरतात. जर्मनीत 750 मीटरवर एका ठोक्याची मात्रा 160 डेसिबलच्या आत ठेवणे बंधनकारक आहे. ती मर्यादा पॉरपॉइज या डॉल्फिनसारख्या सस्तन प्राण्यासाठी केली असली, तरी तिचा फायदा माशांनाही होतो आणि ती मोजायला सोपी आहे. आम्ही जर्मन मर्यादा सुचवतो, कारण 750 मीटरवर एक यंत्र ठेवले की त्याच दिवशी उत्तर मिळते.

ही मर्यादा पाळायला बुडबुड्यांची भिंत वापरतात: खांबाभोवती तळावर भोके पाडलेली नळी गोल टाकायची आणि कंप्रेसरने तेलविरहित हवा सोडायची. नीट जमली तर 10 डेसिबल किंवा त्याहून जास्त घट मिळते. पण उत्तर कोकणात भरती-ओहोटीचा फरक पाच मीटरच्या आसपास जातो. उधाणाच्या ओढीत बुडबुडे वर येईपर्यंत वाहून जातात, एका बाजूला भिंतच उरत नाही आणि आवाज तिथून सरळ बाहेर पडतो. म्हणून हातोड्याचे काम भांगाच्या, म्हणजे भरती-ओहोटीचा फरक कमी असलेल्या, दिवसांत आणि तेही पाणी थांबलेले असताना करावे. उधाणाच्या दिवसांत दुसरी कामे काढावीत. पंचांग पाहून मासेमारी करणाऱ्या किनाऱ्याला हे वेळापत्रक अवघड वाटणार नाही; कंत्राटात ते आधीच लिहिलेले हवे, एवढेच.

सुरुवातीची 20 मिनिटे हलके ठोके मारून मासे दूर जाऊ द्यायचे, ही पद्धत सर्रास सांगितली जाते. सस्तन प्राण्यांसाठी ती ठीक आहे. विणीला जमलेला थवा जागा सोडून जाईल, असे मात्र आम्ही गृहीत धरणार नाही. त्यापेक्षा वेळ पाळा: नोंदीत कोलाहल दिसेल त्या महिन्यांत सूर्यास्ताच्या दोन तास आधीपासून मध्यरात्रीपर्यंत हातोडा आणि सुरुंग पूर्ण बंद.

बंदर सुरू झाल्यावरच्या आवाजाबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेची 2023 ची सुधारित मार्गदर्शक तत्त्वे ऐच्छिक आहेत, पण बंदर स्वतःच्या दरपत्रकात त्यांना वजन देऊ शकते. कॅनडातले व्हँकुव्हर बंदर 2017 पासून शांत जहाजांना शुल्कात सवलत देते आणि जवळच्या हारो सामुद्रधुनीत त्याच वर्षी वेग 11 नॉटवर आणण्याचा प्रयोग झाला. दर अजून ठरायचे असलेल्या बंदरात हे पहिल्या दिवसापासून करता येईल.

एका धोक्याकडे मत्स्यव्यवसाय आयुक्तांचे विशेष लक्ष वेधतो. माशांचा कोलाहल कुठे आणि कधी होतो याचा नकाशा म्हणजे थव्याचा पत्ता. मेक्सिकोत कोलोरॅडो नदीच्या मुखाशी गल्फ कोर्विना हा याच कुळातला मासा लाखोंनी विणीला जमतो. त्याचा आवाज होडीच्या तळातून ऐकू येतो आणि मच्छीमार त्यावरूनच जाळे टाकतात. घोळीचा भाव पाहता असा नकाशा इथे पर्ससीनवाल्यांच्या हाती लागला, तर बंदराने जे केले नसते ते आपलीच नोंद करील. म्हणून आवाजाच्या पातळीचे आकडे दर महिन्याला सर्वांसाठी खुले ठेवा, पण माशांच्या हाकांची ठिकाणे हंगाम संपल्यावर आणि ढोबळ चौकोनांतच जाहीर करा. मूळ ध्वनिमुद्रण बंदर कंपनीकडे नको. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने ग्रँड बेटाजवळ माशांचे कोलाहल नोंदवले आहेत, वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. अशा सार्वजनिक संस्थेकडे ते ठेवावे आणि देखरेख समितीत मच्छीमार संस्थांचे प्रतिनिधी मतासह असावेत.

शेवटी वेळेचे. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून मासेमारी बंद होते, बोटी ओढून घेतल्या जातात आणि पावसाळ्यात छोट्या बोटीने तळावरचे यंत्र काढणे-बसवणे शक्य नसते. कोलाहलाचा महत्त्वाचा काळ मात्र नेमका त्याच महिन्यांना लागून येण्याची शक्यता आहे; ऑगस्टमध्ये बंदी उठताच घोळीचे मोठे थवे लागल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. तेव्हा रेकॉर्डर मेच्या मध्यापर्यंत पाण्यात गेले पाहिजेत आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत हात न लावता चालले पाहिजेत. चार महिन्यांना सुमारे 330 जीबी जागा लागते, म्हणजे 512 जीबीचे कार्ड आणि तेवढ्याच दिवसांची बॅटरी. खरेदी, अंशांकन आणि मच्छीमार संस्थांशी जागांची निश्चिती धरून किमान तीन महिने हाताशी हवेत. याचा अर्थ निर्णय फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत व्हायला हवा. तो चुकला तर पावसाळ्याचे एक अख्खे वर्ष जाते. आधीची नोंद आहे की नाही, नसेल तर ती कोण घेणार आणि 750 मीटरची मर्यादा कंत्राटात येणार की नाही, या तीन प्रश्नांची लेखी उत्तरे त्याआधी मिळावीत, ही विनंती.

कळावे,

पाण्याखालचा आवाज आणि किनारी मासेमारी यांचा अभ्यास करणारे आम्ही काही जण